पायांत घोटाळणारे मांजर काय सांगते

बाजारातून आणलेले बांगडे ओट्यावर ठेवले की आमची मनी घरात कुठेही असो, स्वयंपाकघराच्या दारात हजर होते. आधी उंबऱ्यावर थांबते. शेपूट सरळ वर, टोक किंचित वाकलेले. चौकटीला डावा गाल घासते, चार पावले पुढे येते आणि माझ्या पोटरीला कपाळ, मग गाल, मग सगळी कूस लावत पलीकडे जाते; जाता जाता शेपूट पायाभोवती ओढून घेते. इथपर्यंत तोंडातून आवाज नाही. विळीवर पहिला मासा कापला गेला की मग ‘म्यांव’ येते, शेवटाला सूर चढवलेले. मासा धुऊन वाटीत पडायला उशीर झाला तर ते लांबत जाते. अशा वेळी तिला उचलले तर ती घुरघुरते, पण दुपारी उन्हात पसरून घुरघुरते तशी नाही. या घुरघुरीत एक बारीक, किरटा सूर मिसळलेला असतो आणि तो ऐकून हातातले काम टाकावेसे वाटते.

या सगळ्याला आपण एकच नाव देतो: तिला भूक लागली. माझ्या मते इथेच चूक होते. जेवणाच्या वेळी मांजर जे करते त्यात किमान चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: भेटीचा नमस्कार, पिल्लाने आईला मारावी तशी हाक, शरीरातल्या घड्याळाने आणलेली जाग आणि आपणच नकळत लावलेली सवय. चारही गोष्टींचे मूळ वेगळे, अर्थ वेगळा. त्या सुट्या करून पाहिल्या तरच मांजराला खरोखर काय हवे आहे ते कळते. कधी कधी त्याचा जीवही त्यामुळे वाचतो, तो भाग शेवटी येईल.

एकट्या शिकाऱ्याचे पोट

घरचे मांजर ज्या जातीपासून आले ती फेलिस लिबिका ही आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानटी मांजरांची जात. आपल्याकडचे बाऊल, म्हणजे रानमांजर, निराळे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या घरमांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या या जातीपर्यंत नेऊन भिडवले. शेती सुरू झाली, धान्याची कोठारे आली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, जेमतेम ४० सेंटिमीटरवर, मांजर पुरलेले सापडले आहे. म्हणजे सोबत जुनी आहे. पण या सोबतीत माणसाने मांजराचे पोट बदलले नाही.

ते पोट एकट्याने छोटी शिकार करणाऱ्याचे आहे. एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराची दिवसाची गरज २०० ते २५०. म्हणजे सात-आठ उंदीर, सात-आठ वेळा. चोवीस तास खाणे समोर ठेवले तर घरचे मांजरही दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा थोडे थोडे खाते. दोन वेळचे जेवण ही आपली रीत आहे, त्याची नव्हे. शिवाय शिकार आपल्या वेळेवर मिळत नाही, म्हणून संधी समोर आली की ती घ्यायची, हा स्वभाव. ‘शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले’ ही म्हण करणाऱ्याने हे नेमके टिपले होते.

भूक आणि शिकार या दोन गोष्टीही मांजरात एकमेकींना बांधलेल्या नाहीत. रॉबर्ट अॅडमेक यांनी १९७६ मध्ये मांजरांना आवडते खाणे दिले आणि ती खात असताना जवळ उंदीर सोडला. मांजरांनी खाणे थांबवले, उंदीर मारला आणि पुन्हा ताटलीकडे येऊन खाणे पुढे चालू केले. पोट भरलेले मांजर पालीमागे का धावते याचे उत्तर यात आहे. मांजर अन्नात रस दाखवते म्हणजे उपाशीच आहे, हे गृहीत तेव्हाच ढासळते.

उभी शेपूट आणि एक फसलेला निष्कर्ष

पहिली गोष्ट नमस्काराची. शेपूट उभी करून येणे ही मांजरांची आपसातली मैत्रीची खूण आहे. शार्लट कॅमरन-ब्यूमाँट यांनी नव्वदच्या दशकात कागदाच्या मांजराकृती कापून भिंतीवर लावल्या. उभ्या शेपटीच्या आकृतीकडे खरी मांजरे झटकन गेली आणि बहुतेकांनी जाताना स्वतःची शेपूट उभारली. शेपूट खाली असलेल्या आकृतीला तसा प्रतिसाद मिळाला नाही. शेपूट उभी करून दोन मांजरे जवळ आली की बहुधा गालाला गाल, कुशीला कूस घासतात. गाल, हनुवटी, कपाळ या जागी गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात; घासण्यातून सगळ्यांच्या अंगाला एकच सामाईक वास येतो. आपल्या पोटरीवर होते ते हेच.

मानसशास्त्राच्या इतिहासातली एक मोठी चूक याच घासण्यावरून झाली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये उपाशी मांजरांना कडीच्या खोक्यांत ठेवून बाहेर मासा ठेवला आणि ती सुटायला किती वेळ घेतात ते मोजले. शिकण्याच्या शास्त्राचा पाया तिथे घातला गेला. त्या वाटेने पुढे जाऊन एडविन गथ्री आणि जॉर्ज हॉर्टन यांनी काचेच्या दर्शनी बाजूचे खोके बनवले. आत मधोमध एक उभी काठी; ती कशीही कलली तरी दार उघडे. सुटकेच्या क्षणी कॅमेरा आपोआप फोटो घेई. फोटोंत दिसे की एकच मांजर दर वेळी जवळजवळ त्याच ढबीत काठीला अंग घासते. १९४६ च्या त्यांच्या ग्रंथाने निष्कर्ष काढला की मांजर सुटकेआधीची शेवटची हालचाल जशीच्या तशी शिकते. तीसहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तके हे सांगत राहिली.

मग १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी तसेच खोके घेतले, पण दार उघडायचेच नाही आणि मासाही द्यायचा नाही असे ठरवले. समोर माणूस बसला की मांजर काठीला अंग घासू लागे. माणूस उठून गेला की घासणे बंद. कोणतेही बक्षीस नसताना तेच, त्याच ढबीतले घासणे. जुन्या प्रयोगातले निरीक्षक काचेपलीकडे समोरच बसलेले होते. मांजरे त्यांना नमस्कार करत होती. पाय हाताशी नव्हते, म्हणून काठीला.

या प्रकरणातून घरच्या निरीक्षकाने घ्यायचे ते एवढेच, की मांजर पायांत घोटाळते तेव्हा पहिला अर्थ ‘आलास? बरे झाले’ हा धरावा. जॉन ब्रॅडशॉ यांनी घरच्या मांजरांची जेवणाआधीची आणि नंतरची वागणूक तपासली तेव्हा घासण्यात मांजरामांजरात बराच फरक दिसला. तरीही खाण्याशी हे घासणे इतके घट्ट जोडलेले वाटते, कारण बहुतेक घरांत आपण मांजराकडे नीट बघतो, थांबतो, वाकतो ते वाटी भरतानाच.

पिल्लाची हाक

मोठी मांजरे एकमेकांशी म्यांव करून फारशी बोलत नाहीत. भांडणात गुरकावतात, माजावर ओरडतात, पिल्लांना हळू आवाजात बोलावतात. साधे म्यांव ही पिल्लाने आईसाठी काढलेली हाक. रानात ती वाढत्या वयाबरोबर मागे पडते; घरात टिकते, कारण इथे तिला उत्तर देणारे माणूस कायम असते. मिल्ड्रेड मोल्क यांनी १९४४ मध्ये मांजराच्या आवाजांची पहिली बारीक वर्गवारी केली. त्यांनी सोळा आवाज वेगळे केले आणि मागणी, आर्जव, गोंधळ, तक्रार असे त्यांचे अर्थ लावले. पण म्यांवला शब्दकोश आहे का, या प्रश्नाला नंतरच्या अभ्यासांनी सावध उत्तर दिले. निकोलस निकॅस्ट्रो यांनी अनोळखी मांजरांचे आवाज लोकांना ऐकवले तेव्हा प्रसंग ओळखण्यात लोक निव्वळ अंदाजापेक्षा थोडेच सरस ठरले. मांजरांचा सहवास असलेल्यांना जास्त जमले. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञ सुझान शॉट्स यांनी सुरांचा चढउतार तपासला: खाण्यासाठी केलेल्या म्यांवचा सूर शेवटाला चढण्याकडे झुकतो, दवाखान्यात नेतानाच्या म्यांवचा उतरण्याकडे.

यावरून मला असे वाटते की प्रत्येक घरात मांजर आणि माणूस मिळून आपली बोली घडवतात. आमच्या मनीचे ‘म्र्रांव’ शेजारच्या घरी काही उपयोगाचे नाही. शेजारच्या बोक्याने दाराशी उभे राहून काढलेले तीन आखूड आवाज मला कळत नाहीत; त्या घरातल्या आजी मात्र ‘याला पाणी बदलून हवंय’ म्हणून लगेच उठतात, आणि तो खरोखर पाणी पितो.

घुरघुरीचे प्रकरण अधिक नवलाचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांना स्वतःच्या मांजराची सकाळची घुरघुर टाळता न येण्याजोगी वाटे. त्यांनी दहा मांजरांची घुरघुर मिळवली. अनोळखी माणसासमोर मांजरे ती करीनात, म्हणून मालकांनाच ध्वनिमुद्रणाची यंत्रे दिली. २००९ मध्ये निकाल आला. खाणे मागतानाच्या घुरघुरीत नेहमीच्या खर्जाच्या वर एक चढा सूर होता, सेकंदाला सरासरी ३८० कंपनांचा. माणसाच्या तान्ह्या बाळाचे रडणे साधारण याच टापूत येते. मांजर कधीही न पाळलेल्यांनाही ही घुरघुर अधिक निकडीची आणि कमी सुखद वाटली. संशोधकांनी संगणकावर तो एकच सूर पुसून टाकला, बाकी ध्वनी तसाच ठेवला. ऐकणाऱ्यांना वाटणारी निकड उतरली. बारीक सूर ऐकून माझे काम हातातून सुटते ते उगाच नव्हे.

मांजराने हे ठरवून केले, असे म्हणायचे कारण नाही. मागताना घुरघुर आणि हाक एकत्र झाली, उत्तर लवकर मिळाले, म्हणून ती जोडी पक्की झाली, एवढे स्पष्टीकरण पुरते.

घड्याळ आणि सवय

पहाटे साडेपाचला उशाशी येऊन गालावर पंजा ठेवणाऱ्या मांजराबद्दल लोक सर्वांत जास्त वैतागाने बोलतात. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक हालचाल करणारा प्राणी. त्यात खाणे ठरल्या वेळी मिळू लागले की शरीर आधीपासून तयारीला लागते. कर्ट रिक्टर यांनी १९२२ मध्येच दाखवले होते की दिवसातून एकदा ठरल्या वेळी खायला मिळणारे पांढरे उंदीर त्या वेळेच्या आधी धावपळ वाढवतात. म्हणून मांजराची पहाटेची जाग खोटी नसते. पोट रिकामे असो वा नसो, घड्याळ वाजलेले असते.

सवय मात्र आपण लावतो. एकदा झोपमोड टाळायला उठून वाटी भरली की पंजा आणि वाटी यांची गाठ बसली. नंतर चार दिवस दुर्लक्ष करून पाचव्या दिवशी कंटाळून उठलो तर गाठ अधिक घट्ट होते, कारण कधी मिळते कधी नाही अशा बक्षिसावर टिकलेली सवय सर्वांत चिवट असते. ठाम दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस ओरडणे वाढते, मग ओसरते. बहुतेक लोक नेमके वाढत्या दिवसांत हार मानतात. रागावणे हेही उत्तरच, त्याने काम होत नाही. उपाय साधा आहे. उठल्याबरोबर खाणे द्यायचे नाही. आंघोळ, चहा झाल्यावर द्यायचे, म्हणजे आपले उठणे आणि त्याची वाटी यांची गाठ सुटते. रात्री झोपण्याआधी एक छोटा वाटा द्यायचा. दिवसाचे खाणे दोनऐवजी चार-पाच वाट्यांत विभागले तर मूळ पोटाशीही ते जुळते.

खाण्यासाठी खेळवणारी खेळणी हल्ली विकत मिळतात. ती द्यायला हरकत नाही. पण मिकेल डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १७ मांजरांना सहज मिळणारे खाणे आणि खटपटीचे खाणे यांत निवड दिली, तेव्हा मांजरांनी सहज मिळणारेच जास्त खाल्ले. पुष्कळ प्राणी थोडी खटपट पसंत करतात, मांजर नाही.

वाटीपाशी

मांजर वाटीपर्यंत आले, हुंगले आणि निघून गेले, हा अनुभव प्रत्येक घरचा. हुंगणे हाच तिथला खरा निर्णय असतो. फ्रीजमधले थंड खाणे वासाला मुके असते. ताजी शिकार अंगाइतकी ऊबदार. म्हणून तेच खाणे कोमट करून दिले की बरेचदा खाल्ले जाते. गोड चव मांजराला कळतच नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की गोडाची जाणीव घडवणाऱ्या एका जनुकाचा २४७ अक्षरांचा तुकडाच मांजरात गळून गेला आहे. पेढा चाटणारे मांजर साखरेसाठी चाटत नाही, स्निग्धासाठी चाटते.

खाल्ल्यानंतर जिभेकडे बघावे. नेदरलँड्समध्ये रूड व्हॅन डेन बोस आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे टिपले: खाणे आवडले तर मांजर ओठांवरून जीभ फिरवते, वाटी चाटते, मग तोंड पुसते. नाही आवडले तर जीभ नाकावर जाते. ‘जिभल्या चाटणे’ हा आपला वाक्प्रचार ओठांपुरता अगदी बरोबर आहे. वाटीभोवतीची फरशी पंज्याने उकरणे याचा अर्थ ‘घाण आहे’ असा लावतात. तो सरसकट खरा नाही. उरलेली शिकार झाकून ठेवण्याची जुनी सवय हे जास्त पटणारे कारण आहे.

मांजर डोळे मिटून दूध पिते आणि कोणी पाहत नाही असे समजते, ही म्हण मात्र त्याच्यावर अन्याय करते. सुमारे २५ सेंटिमीटरच्या आतले मांजराला स्पष्ट दिसत नाही. तिथे काम मिशा आणि ओठ करतात. दूध पिताना तर आणखी बारकावा आहे. जिभेचे टोक मागे वळलेले, पृष्ठभागाला नुसते टेकते आणि झटक्यात वर जाते. मागोमाग दुधाचा बारीक खांब उठतो आणि तो कोसळण्याआधी जबडा मिटतो. सेकंदाला साधारण चार वेळा. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या रोमन स्टॉकर यांनी घरच्या मांजराला पाहून हा प्रश्न घेतला आणि २०१० मध्ये त्याचे गणित मांडले.

आपली मांजरे दूध-भात, पोळी खातात, मग मांसाहार कशाला, असे विचारले जाते. काय खायचे ते पिल्लू आईकडून शिकते. वांडा विर्विका यांनी सत्तरच्या दशकात मांजरींना केळे खायला शिकवले, तर त्यांची पिल्लेही मांस सोडून केळे खाऊ लागली. खाते म्हणून मानवते असे होत नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराला मांसमच्छीतून मिळावे लागते. ते कमी पडले तर डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. कांदा-लसूण तर त्यांच्या रक्तपेशी फोडतात, म्हणून मसाल्याच्या रश्शातला तुकडा धुऊनही देऊ नये.

बोली बदलली तर

हे सगळे वेगळे करून पाहायचे ते कशासाठी? घरची बोली पाठ असलेल्यालाच तिच्यातला बदल ऐकू येतो. नमस्कार चालू आहे, हाकही चालू आहे, पण वाटीशी जाऊन मांजर तोंड मागे घेते: दात किंवा हिरडी दुखत असण्याची शक्यता मोठी. म्हातारे मांजर अचानक रात्रंदिवस मागू लागले, भरपूर खाते आणि तरी वाळत चालले: थायरॉइड किंवा मधुमेह तपासावा, याला हावरट म्हणून रागावणारी घरे मी पाहिली आहेत आणि वाईट वाटले आहे. ठरल्या वेळी दारात येणारे मांजर आलेच नाही, पलंगाखाली बसून राहिले, तर ते रुसलेले नसते.

मांजराचा उपास माणसासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, आणि मांजर लठ्ठ असेल तर त्याहून लवकर, अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत बंद पडू शकते. म्हणून तुमच्या घरच्या मांजराने चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही, तर उद्यापर्यंत वाट पाहू नका. त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.